भाच्यानं बनवलेलं सॉफ्टवेअर

पद्मजाबाई करंदीकरांकडे पेटी शिकायला मूल पाठवलं नाही, असं घर नाचणे रोडला शोधूनच काढावं लागेल. बाई मूळच्या राजापूरच्या. लग्न होऊन रत्नागिरीत आल्या त्या पेटी बरोबर घेऊनच. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं आणि पुढे त्याच दर गुरुवारी भजनाला सुनेला साथीला बसवू लागल्या. बाईंचा हात गोड आणि शिकवणं कडक. चुकलेल्या पोराकडे त्या नुसत्या चष्म्यावरून बघतात, आणि त्यापेक्षा दोन पट्ट्या परवडल्या असं पोरांचं म्हणणं असतं.

सगळं होतं, पण अक्षर नव्हतं. बाईंनी लिहिलेलं बाईंनाही चार दिवसांनी लागत नसे. आणि स्वरलेखन म्हणजे गाण्याचे सूर मात्रांच्या घरांत मांडून लिहायचे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, वरच्या सप्तकातल्या सुरावर टिंब, समेला फुली. रेघ जरा सरकली की गाण्याचं भलतंच काहीतरी होतं. त्यामुळे गावात कुणाला आरती, भक्तिगीत, परीक्षेची बंदिश लिहून हवी असली की लोक जायचे दमयंती लिमयांकडे. दमयंती बाईंची मैत्रीण, भजनी मंडळात शेजारी बसणारी, आणि तिचं अक्षर मोत्यासारखं. खुद्द बाईंच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात दमयंतीने लिहिलेले कागद असायचे. बाईंना हे खुपायचं. मैत्रीण जिवाभावाची होती, तरी खुपायचं.

मग टाळेबंदी आली आणि शिकवण्या फोनवर गेल्या. बाईंनी लिहिलेल्या कागदाचा फोटो पाहून एका पालकाने विचारलं, "बाई, हा उलटा आलाय का?" बाई तीन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी श्रीपतीरावांचा, म्हणजे यजमानांचा, जुना लॅपटॉप ओढून घेतला आणि शोधायला बसल्या. इंग्रजी जेमतेम, पण चिकाटी दांडगी. शोधता शोधता त्यांना एक सॉफ्टवेअर सापडलं. कुठल्याशा दूरच्या गावच्या संगीतवेड्या मंडळींनी ते मिळून बनवलं होतं. साध्या अक्षरांत सा रे ग टाइप करायचं, कोमल सुराला एक खूण, लांबवलेल्या सुराला दुसरी, आणि बटण दाबलं की मात्रांच्या चौकटींत बसलेलं स्वच्छ छापील पान तयार. पैसे नाहीत, परवाना नाही. आतली सगळी यंत्रणाही उघडी ठेवलेली, ज्याला जमेल त्याने सुधारावी. सुरू करताना पडद्यावर एक ओळ यायची. वापरा, बदला आणि पुढे द्या, अशा अर्थाची.

महिनाभरात पद्मजाबाईंच्या पानांचा बोलबाला झाला. मारुती मंदिरापासून भाट्यापर्यंत भजनी मंडळांतल्या बायका म्हणू लागल्या, पद्मजाबाईंचं छापील हवं. गणपतीत घरोघरी पेटीवर बाईंची पानं दिसली. आयुष्यात पहिल्यांदा लोक दमयंतीकडे न जाता त्यांच्याकडे आले होते. खोटं कशाला बोला, बाईंना फार बरं वाटलं.

एके दिवशी दमयंती स्वतःच आली. टेबलावरचं पान तिने उचललं, खिडकीशी नेऊन पाहिलं आणि लहान मुलीसारखी हरखली. तिच्या चेहऱ्यावर कुठे हेवा सापडतो का, हे बाईंनी बारकाईने पाहिलं. औषधालाही नव्हता.

"अगो, किती सुबक! कसं गो केलंस हे? मलाही शिकव ना."

बाईंनी पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या वरदनं करून दिलंय. पुण्याचा भाचा माझा. खास माझ्यासाठी बनवलंन. ह्या एका लॅपटॉपवरच चालतं, दुसरीकडे नाही चालत."

श्रीपतीरावांनी पेपरातून मान वर काढली, बायकोकडे पाहिलं आणि परत पेपरात घातली. वरद खरा होता आणि पुण्यातही होता. तो तिथे एका गाड्यांच्या दुकानात हिशेब बघायचा.

माणूस चोरी करतो तेव्हा त्याला निदान काहीतरी मिळतं. इथे वस्तू फुकट मिळालेली, देऊन कमी न होणारी, आणि ती मैत्रिणीपासून लपवून ठेवायची, ह्याला म्हणावं तरी काय? बाईंनाही ते कळत होतं. रात्री त्यांनी ठरवलंही, की उद्या सांगून टाकू, म्हणू गंमत केली. पण दुसऱ्याच दिवशी दमयंतीने भाच्यासाठी आंबापोळी पाठवली. हुशार मुलाचं कौतुक म्हणून. आता गंमत केली असं सांगायची सोयच राहिली नाही. ती आंबापोळी करंदीकरांच्या घरातच संपली. श्रीपतीराव दुसरा तुकडा घेत म्हणाले, "वरद सॉफ्टवेअर छान करतो हां." बाई उठून आत गेल्या.

एकदा बोललेलं खोटं सांभाळावं लागतं. पुढच्या वर्षी श्रावणात मिऱ्याहून गंगाराम भाटकर आला. मच्छीमार माणूस. त्याच्या वाडीचं भजनी मंडळ जुनं, आणि जुन्या चाली येणारे एकटे त्याचे वडील. ते अंथरुणाला खिळले होते.

"बाय, म्हातार्‍याचा आवाज खाली गेलाय," गंगाराम दारातच उभा राहून म्हणाला. "फोनात धरला तर कायपन कळत नाय. बाजूला बसून एकेक सूर इचारून लिवायला पायजे. तुमचा ता छापायचा मना शिकवलात तर मी सोताच लिवून घेन."

बाईंच्या ओठांवर 'ये, बस' आलं होतं. पण गंगारामाला दिलं की ते दमयंतीच्या कानावर जाणार, भजनाची माणसं सगळी एकमेकांना ओळखतात. म्हणून त्यांनी तेच सांगितलं, भाच्याने केलंय, एकाच लॅपटॉपवर चालतं. गणपती झाले की मीच येते, असंही म्हणाल्या. "आसूं दे, बाय," म्हणून तो गेला. गणपती झाले, नवरात्र झालं. बाई मिऱ्याला गेल्या नाहीत.

त्या सुमारास लॅपटॉप बिघडला आणि दुरुस्तीला टाकावा लागला. दमयंतीचा जीव वरखाली. "मेलं ते यंत्र कायमचं बंद पडलं तर काय करशील गो? तुझं इतकं काम त्याच्यावर." बाई म्हणाल्या, "हो ना." एवढंच म्हणाल्या, आणि विषय तिथे संपला असं त्यांना वाटलं.

त्यानंतर वर्ष उलटलं. शिमगा आटोपून आठवडा झाला असेल. भर दुपारी दमयंती स्कूटर लावून जिना चढून वर आली. घामाने डबडबलेली, चेहरा मात्र फुललेला. पर्समधून तिने एक पेनड्राइव्ह काढला आणि बाईंच्या हातावर ठेवून त्यांची मूठ मिटली.

"सापडलं!" ती म्हणाली. "अगदी तुझ्या भाच्यानं केलंय तसंच आहे, आणि फुकट, आणि कुठल्याही लॅपटॉपवर चालतं. चिपळूणच्या पुढे पोफळीच्या वीज कॉलनीत एक इंजिनियर आहेत, हर्षद म्हणून, पेटीचा नाद आहे त्यांना. त्यांनी दिलं. वर्षभर विचारत होते मी, ज्याला त्याला. पॉलिटेक्निकातल्या मास्तरांना, सायबर कॅफेवाल्याला, कुणाकुणाला. तुझं यंत्र बंद पडलं तर तुझं सगळं काम जाईल, ह्याची मला धास्तीच बसली होती गो. पहिली तुझ्याकडेच आले."

पद्मजाबाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. आता सांगावं, ह्या क्षणी. त्या म्हणाल्या, "बस, सरबत आणते."

सरबत झाल्यावर दमयंतीने शिकवायला घेतलं. कोमल सुराला ही खूण, लांबवलेल्या सुराला ही. बाई बाजूला बसून माना हलवत होत्या. हात शिकलेले होते, त्यांना मुद्दाम अडखळवावं लागत होतं. तरीही एका ठिकाणी बोटं सवयीने पुढे धावली आणि ओळ दमयंतीने सांगायच्या आधीच पुरी झाली.

"किती पटकन उचललंस गो!" दमयंती म्हणाली. "माझी तर डोकेफोड झाली चार दिवस."

तिच्या आवाजात संशयाचं नाव नव्हतं. असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

निघताना दमयंतीने पुढचा बेत सांगितला. रविवारी शाळेचा एक वर्ग मागून घेतला होता. सगळ्या भजनी मंडळांना, पेटी शिकवणाऱ्यांना बोलावून हे वाटून टाकायचं. "आणि शिकवायचं तू. तुझ्याइतका अनुभव कुणाला आहे?"

मधल्या चार दिवसांत त्यांनी एकदा दमयंतीला फोन लावला आणि पलीकडून "बोल गो" ऐकल्यावर भाजीचा भाव विचारला. श्रीपतीराव एरवी चेष्टा करणारे, पण आता तेही गंभीर झाले. "सांगून टाक," ते म्हणाले. "नाही सांगितलंस तर काय होणार आहे, ठाऊक आहे? काही होणार नाही. आणि तेच तुला सोसायचं नाही." बाई त्यांच्यावर उगाचच खेकसल्या.

रविवारी वर्ग भरला. वीसेक माणसं बाकांवर दाटीवाटीने बसली. शेवटच्या बाकावर गंगाराम होता, इस्त्रीचा सदरा घालून. दमयंतीने सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात बाईंचं कौतुक केलं. पद्मजाच्या पानांवरूनच आपल्याला कळलं की असं काही असू शकतं, तिचं पाहूनच शोधायची बुद्धी झाली, सगळं श्रेय तिचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई खुर्चीच्या दांड्याला धरून बसून राहिल्या.

मग गंगाराम उभा राहिला. "बरा झाला बाय, आता सगल्यांना मिलतंय," तो म्हणाला. "म्हातारा माझा गेला पौषात. पन चार-पाच चाली माज्या तोंडात हायत, तेवढ्या तरी उतरवीन. बाकीच्या त्याच्याबरोबर गेल्या." तो कुणाला बोल लावत नव्हता. हिशेब सांगावा तसं त्याने सांगितलं आणि खाली बसला.

बाई उठल्या. आता सांगितलं नाही तर ह्या माणसाला पहिला धडा आपण कुठल्या तोंडाने शिकवणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"हे माझ्याकडे होतं," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला, की पुढच्या बाकावरची त्यांची विद्यार्थिनी मृणाली "काय हो बाई?" म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. "हेच सॉफ्टवेअर. माझ्याकडे टाळेबंदीपासून आहे. भाच्याने नाही बनवलं, त्याला तर माहीतही नाही. मला फुकट मिळालं होतं आणि कुणालाही देता आलं असतं. मी दिलं नाही. माझंच छापील सगळीकडे दिसावं म्हणून नाही दिलं. गंगाराम, तुम्ही आलात तेव्हाही माझ्याकडे होतं. दमयंती..."

गंगारामाने खाली पाहिलं आणि सदऱ्याचं बटण चाचपत राहिला. दमयंतीच्या हातात पेनड्राइव्ह होता. तिने एकदा बाईंकडे पाहिलं. मग तिने तो पुढच्या बाकावर दिला आणि म्हणाली, "चला, आधी ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी घ्या." दोन तास तिनेच शिकवलं. बाई गंगारामाच्या बाकाशी जाऊन बसल्या. पहिली ओळ त्याच्याकडून टाइप करून घेताना त्यांची बोटं खरोखरच अडखळत होती. तो दोनदा "होय बाय" म्हणाला.

जाताना दोघी नेहमी एकाच स्कूटरवरून जायच्या. बाई पायी निघाल्या होत्या. दमयंतीने स्कूटर शेजारी आणून थांबवली आणि मानेनेच मागे बस म्हणून खुणावलं. सोसायटीच्या फाटकाशी बाई उतरल्या.

"दमयंती, काहीतरी बोल गो. शिव्या घाल."

दमयंतीने हेल्मेट काढलं नाही. समोर रस्त्याकडे बघतच ती म्हणाली, "पोफळीहून येताना माझी एसटी चुकली होती. चिपळूणच्या स्टँडवर काळोख पडेपर्यंत बसून होते. पाय सुजले होते, पोटात अन्न नव्हतं. पण इतका आनंद झाला होता गो मला. सारखं मनात येत होतं, पद्मजाचं काम झालं."

तिने स्कूटर सुरू केली. ती वळणावरून दिसेनाशी झाली तरी पद्मजाबाई फाटकाशीच उभ्या होत्या. वरून श्रीपतीरावांनी हाक मारली, पण त्यांना जिना चढवेना.