गुंडप्पा मिस्त्री आणि सकाळची टकटक

अणदूरच्या सडकेला गुंडप्पा मिस्त्रीचं पत्र्याचं छप्पर होतं. सोलापूरहून हैदराबादेकडं निघालेली लॉरी त्या बाजूला बिघडली, की नळदुर्गापर्यंत ढकलत न्यायची, नाहीतर गुंडप्पापुढं उभी करायची, हे दोनच मार्ग. पुष्कळ ड्रायव्हर पहिला मार्ग धरत. ढकलण्यानं अंग दुखतं ते दोन दिवसांत राहतं, पण गुंडप्पाचं बोलणं महिनाभर ठसठसायचं.

गुंडप्पा तेलाच्या घाण्याच्या घरातला. बाप, आजा, पणजा बैलामागं फिरत मेले, असं तो सांगायचा आणि सांगताना थुंकायचा. बाराव्या वर्षी पळून सोलापूरला गेला, तिथं एका गिरणीच्या इंजिनखोलीत चिंध्या धुतल्या, पुढं लॉऱ्यांचं काम शिकला आणि पंधरा वर्षांनी परत आला तो निळी विजार घालून. निजामाच्या मुलखात तेव्हा इंजिनाचं पोट जाणणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. त्यातलं एक बोट आपलं आणि बाकीची झडलेली, असं त्याचं मत होतं. ड्रायव्हर म्हणजे त्याच्या लेखी कासरा सुटलेले बैल. हैदराबादचे फिटर उर्दूत चुका करतात, म्हणून त्या चुका लोकांना शहाण्या वाटतात, असं तो म्हणायचा. थोरली बहीण पार्वतम्मा नवरा वारल्यावर माहेरी येऊन बापाचा घाणा चालवत होती. तिच्याबद्दल तर तो बोलतच नसे. तेलकट लुगड्यातली ती बाई आपली बहीण आहे, हे परगावच्या गिऱ्हाइकाला कळू नये एवढीच खबरदारी घ्यायचा.

दुसरं महायुद्ध संपून चार-पाच महिने झाले होते. पेट्रोल सरकारी चिठ्ठीवर मिळायचं, इंजिनाचं आईल चिठ्ठीवरसुद्धा मिळेना. गावच्या हिंमतराव पाटलांची एक लॉरी शेंगा घेऊन सोलापूरला जायची. तिच्या इंजिनाखालच्या चेंबरातलं आईल डांबरासारखं झालं होतं. हिंमतरावांनी तामलवाडीच्या नाक्यावर ओळखी लावून कुण्या दलालाकडून एक डबा पैदा केला आणि गुंडप्पापुढं आणून ठेवला.

गुंडप्पानं दोन बोटांत आईल घेऊन चोळलं, उन्हाला धरलं. म्हणाला, असं जाड आईल लढाई सुरू झाल्यापासून पाहिलं नव्हतं, अस्सल माल आहे. लॉरीचा ड्रायव्हर लिंबाजी शेजारी उभा होता. त्यानं डब्यावर नाक नेलं आणि वास जरा निराळा येतोय, एवढंच हळू आवाजात बोलला.

"तुला तंबाखूबिगर कशाचा वास कळतो रं?" गुंडप्पा म्हणाला. सडकेवरची चार माणसं हसली. आईल बदली झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी परत आला. पौषातली थंडी होती. हँडल मारून लॉरी चालू केली की इंजिनात वरच्या अंगाला टकटक होते, दहा-पंधरा मोजेपर्यंत चालते आणि मग आपोआप थांबते, असं त्यानं सांगितलं. आईलचा दाब दाखवणारा काटाही तेवढा वेळ जागचा हलत नाही. गुंडप्पानं ऐकून घेतलं आणि त्याला कान धुऊन यायला सांगितलं. पण तिसऱ्या दिवशी हिंमतराव स्वतः सांगायला आले, तेव्हा उठून जावंच लागलं.

पाटलाच्या वाड्यामागं लॉरी उभी होती. लिंबाजीनं हँडल मारलं. गुंडप्पानं लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला लावली. आवाज खरा होता. खालचा नव्हे, म्हणजे बेअरिंग धड होतं. वर झडपा उचलणारे टापेट कोरडे वाजत होते. पंधरा मोजले, काटा उठला, टकटक थांबली. आईल वर चढायला वेळ लागतोय, इथवर त्याचं निदान बरोबर होतं. का वेळ लागतोय, ते मात्र कळेना.

पहिल्यांदा त्यानं टापेटचं अंतर नीट केलं. दुसऱ्या सकाळी टकटक तशीच. मग चेंबर उतरवलं, आईल वर चढवणाऱ्या पंपाच्या तोंडची जाळी पाहिली. जाळी साफ होती. आईल फेकून द्यायचे दिवस नव्हते, म्हणून त्यानं पार्वतम्माकडून तेल गाळायचं बारीक फडकं मागवलं, तेच आईल गाळून पुन्हा भरलं आणि फडकं परत धाडलं. सकाळी पुन्हा तेच. हिंमतराव पडवीत चहा पीत बसले होते. त्यांनी सोलापूरच्या फिटरला बोलावू का, असं सहज विचारावं तसं विचारलं.

ते गुंडप्पाला झोंबलं. स्वतःला येत नाही असं म्हणायची जीभ त्याला नव्हतीच. तो म्हणाला, मालक, इंजिनात खोट नाही, खोट हँडल मारणाऱ्यात आहे. लिंबाजी थंड इंजिन रेटतो, त्यानं पंप खराब केला, आणि रस्त्यात आईल काढून विकतही असेल, कुणी पाहिलंय? बोलताना त्यानं लिंबाजीकडं पाहिलंही नाही.

उलटून बोलणं लिंबाजीला कधी जमलंच नव्हतं. हिंमतरावांनी त्याच दिवशी त्याला घरी पाठवलं. खांद्यावर घोंगडी टाकून तो आपल्या गावाच्या, माकणीच्या वाटेला लागला.

त्यानंतर दोन दिवसांनी पार्वतम्मा सडकेवर आली. याआधी ती छपरापाशी कधी आली नव्हती. तिच्या हातात ते फडकं होतं.

"ह्याच्यात काय गाळलंस?"

गुंडप्पानं सांगितलं, इंजिनाचं आईल, तुला त्यातलं काय कळतं.

"ह्याच्यात औडलेण्णी हाय," ती म्हणाली. "एरंडेल. दोन डाव सोड्यानं धुतलं तरी चिकटा जाईना. तीस वर्सं तेलात हात हाय माझा."

गुंडप्पा हसला. घाण्याच्या बाईनं इंजिनाला औषध सांगावं, एवढंच आता उरलं होतं. पार्वतम्मा वाद घालायला आली नव्हती. काचेच्या बाटलीत थोडं आईल भर, थंडीत उघड्यावर ठेव आणि सकाळी बघ, एवढं सांगून ती फडकं तिथंच टाकून गेली.

ती नजरेआड होईपर्यंत तो थांबला आणि मग त्यानं बाटली भरली.

सकाळी बाटलीत दोन थर दिसले. वर पातळ, तांबूस आईल. तळाला बोटभर जाडीचा, काकवीसारखा घट्ट थर. गुंडप्पा बाटलीपुढं उकिडवा बसून राहिला. आता सगळं सरळ होतं. लॉरी रातभर उभी राहिली की एरंडेल चेंबराच्या तळाला बसतं, पंपाचं तोंडही तळालाच. सकाळी पंप पहिल्यांदा ते घट्ट तेलच ओढू लागतो, ते वर चढेस्तोवर टापेट कोरडे वाजतात. इंजिन तापलं, सगळं ढवळलं, की आवाज बंद. दलालानं भेसळ केली होती आणि ती बोटांत चोळून अस्सल म्हणणारा गुंडप्पा होता. वास वेगळा आहे, असं लिंबाजीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गुंडप्पानं बाटली पाटलांना दाखवली, पण गोष्ट वेगळी सांगितली. म्हणाला, मला आधीपासून संशय होता, खात्री करत होतो. चेंबर घासलेटनं धुतलं, हिंमतरावांनी आठ दिवस खटपट करून दुसरा डबा मिळवला, आणि नव्या आईलवर लॉरी पहिल्याच हँडलला बिनआवाजाची उठली. गुंडप्पानं दाद घेतली. लिंबाजीचं नाव काढलं नाही.

ते पार्वतम्मानं काढलं. पाटलाच्या घरी तेल घालायला गेली होती, ती पडवीपाशी थांबली. म्हणाली, पाटील, बाटलीची अक्कल माझी, आणि डबा अस्सल म्हणणारं तोंड माझ्या भावाचं. लिंबाजीनं वास सांगितला होता, सडकेवर विचारा. आणि मापटं उचलून आत गेली.

हिंमतरावांनी सडकेवर विचारलं. मग गुंडप्पाला बोलावून सांगितलं, की लिंबाजी परत आला तर लॉरी तुझ्याकडं येईल, नाहीतर सोलापूरला जाईल. आणि त्याला आणायला तूच जायचं.

गुंडप्पा माकणीला गेला, अर्धी वाट बैलगाडीतून. बैलगाडीत बसायची त्याला लाज वाटत होती, म्हणून गाव यायच्या आधीच उतरला. लिंबाजी जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभा राहून गोफणीनं पाखरं हाकत होता. तो खाली उतरला नाही.

"इंजिन तू बिघडवलं न्हाईस," गुंडप्पा खालून म्हणाला.

"हे मला ठाव हाय, मिस्त्री. जे मला ठाव हाय ते मलाच सांगाय इतकं लांब आलाव?"

त्यानं गोफणीत खडा घातला, फिरवला, सोडला. पाखरांचा थवा उठून पलीकडच्या रानात बसला. मग तो म्हणाला, सडकेवर हसणारी चार माणसं होती, त्यांच्यापुढं बोला, मग बघू.

गुंडप्पाला बोलावं लागलं. बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानापुढं, खाली बघत, मेलेल्या माणसाचं नाव घ्यावं तसं, लिंबाजी खरा होता आणि चूक आपली, असं तो एका दमात बोलला आणि चालू लागला. त्या चौघांतला एकही हसला नाही. हसण्यासारखंही काही नव्हतं, ते बघणंच कसंतरी होतं. लिंबाजी कामावर आला. पुढं कित्येक वर्षं ती लॉरी त्यानंच चालवली, पण गुंडप्पाच्या छपरात तो कधी बसला नाही. लॉरी उभी करायचा, खोट काय ती पाटलांच्या नावानं सांगायचा आणि सडकेपलीकडं जाऊन उभा राहायचा.

गुंडप्पा यानं सुधारला असं कुणी म्हणत नाही. ड्रायव्हर त्याच्या लेखी बैलच राहिले. फरक एवढाच पडला, की नवा डबा आला म्हणजे तो बाटली भरून घाण्यावर न्यायचा, कट्ट्यावर ठेवायचा आणि तोंड फिरवून उभा राहायचा. पार्वतम्मा लगेच हात लावत नसे. आधी सगळ्या गिऱ्हाइकांची तेलं मापून व्हायची. तोवर निळ्या विजारीतला मिस्त्री पेंडीच्या ढिगापाशी, फिरणाऱ्या बैलाला वाट देत, उन्हात उभा असायचा.