बोटीत झोळी कुठे बांधायची?

मंडळी, घरची गोष्ट सोसायटीच्या फळ्यावर लिहितोय, रागावू नका.

आज सकाळी पूजा आटोपून मी वाशीहून थेट भाऊच्या धक्क्यावर गेलो. माझी लेक रविवारी पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन बोटीने रत्नागिरीला, सासरी निघणार आहे. व्याह्यांचा निरोप होता, "आमची सून डेकवर झोपणार नाही. केबिनच घ्या."

पण बाळ झोळीशिवाय झोपत नाही. म्हणून तिकिटे काढण्याआधी विनंती करून धक्क्याला लागलेली बोट पाहिली. केबिनमध्ये तेलाचा वास, आणि झोळी बांधायला साधी कडीसुद्धा नाही. डेकवर ताडपत्रीखाली भक्कम लोखंडी दांडा होता. मी त्याला लोंबकळून पाहिले.

खलाशी हसला. "काका, तालीम चाललीय का?"

"नातवाच्या झोळीची जागा बघतोय," मी म्हणालो.

घरी येऊन हे सांगितले, तर लेकीला न्यायला आलेले जावई म्हणाले, "अण्णा, डेकवर? लोक काय म्हणतील?"

लेक म्हणाली, "ते लोक बाळाला जोजवायला येणारेत का?"

व्याह्यांचा मान मी नेहमीच ठेवतो. पण एवढ्याशा जिवाला मान नको, झोप हवी. तुम्ही काय केले असते?

मी खिशातली तिकिटे काढून देवापुढे ठेवली. डेकचीच आहेत.