बंधाऱ्यामागची भर

मावल्याहून आठ-नऊ किलोमीटर आत, कापसाच्या रानांमधून एक नाला जातो. चार वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका संस्थेनं त्याच्यावर दगडी बंधारा बांधला. टेकड्यांवरून पावसाबरोबर वाहून येणारी माती अडवायची आणि किती अडली ते दर वर्षी त्याच जागांवर मोजायचं, असा बेत होता. त्यासाठी नाल्यात बत्तीस खुणा ठरवल्या. काठावरच्या मशीननं खुणेखुणेवरच्या जमिनीची उंची टिपायची, पण तिथं मोजणीची दांडी धरून कुणीतरी उभं राहायला हवं. दांडीला काचेची एक डबी होती, तिच्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की दांडी सरळ. गावातल्या चार गड्यांनी धरून पाहिली, एकाच्याही हातात ती स्थिर राहिना. बाजूच्या रानात पंचफुला तण निंदत होती. तिला हाक मारली. तिनं दांडी धरली आणि बुडबुडा जागेवर जाऊन बसला तो बसलाच.

तेव्हापासून ते काम तिचं झालं.

पंचफुला पंचेचाळिशीची, बौद्ध घरातली. भाऊ शिकून भैंशाला मास्तर झाला, ती पाचवीतून कापूस वेचायला गेली. आयुष्यभर केलेलं काम संध्याकाळी कुणाच्या लक्षात राहत नव्हतं. इथं मात्र ती जिथं उभी राहायची तिथला आकडा कायम राहायचा, पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहिला जायचा. तिला त्याचा अभिमान होता. सातव्या खुणेखाली कातळ आहे, अकरावीला वाळू सरकते, विसावीला पाणी वळण घेतं, हे तिला तोंडपाठ झालं. पहिली दोन वर्षं गाळ बोट-दोन बोटं चढला. तिसऱ्या वर्षी पाऊस कमी म्हणून तेवढाही नाही.

चौथ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, ती दांडी घेऊन नाल्यात उतरायला गेली आणि काठावरच थबकली.

शहरातल्या कोंबडीच्या दुकानांचा आणि गल्ल्यांतला कचरा टाकायला टेम्पो उन्हाळ्यापासून चंपतरावाच्या शेतातून येत होता, हे तिच्या कानावर होतं. चंपतराव गावातला वजनदार माणूस. त्याच्या बांधावरून कोण जातं हे विचारायची सोय नव्हती. पण ते असं असेल असं तिला वाटलं नव्हतं. बंधाऱ्यामागचा सगळा नाला भरून आला होता. पिसं, आतडी, फुटलेल्या पिशव्या, लेकरांचे डायपर, आणि मधोमध पोट फुगलेली एक बकरी. माश्यांचा आवाज लांबून येत होता. वर उन्हानं साय धरली होती, आत सगळं बुळबुळीत.

मशीनवर पियुष होता. भैंशाचाच पोरगा, हैदराबादला शिकून इंजिनीअर झालेला. त्यानं रुमाल नाकाला बांधला आणि म्हणाला, "मावशी, उतरा तुम्ही. ऊन चढायच्या आत उरकू."

पंचफुला तशीच उभी राहिली. तिच्या आज्यानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं तेव्हा गावानं त्याला दोन वर्षं कामावर बोलावलं नव्हतं. उपाशी राहिला, पण पुन्हा हात लावला नाही. त्या घरातली ती बाई आता कोंबड्यांच्या आतड्यात उतरणार होती आणि सांगणारा काठावरून सांगत होता. पण बत्तीस खुणा तिच्या होत्या. तिनं लुगडं खोचलं आणि उतरली.

पहिल्याच खुणेला दांडी कचकन आत गेली आणि कशावर तरी अडली.

"सर, कुठं टेकवू? वर का खाली?"

"खाली म्हणजे?"

"खाली म्हंजे माती. वर तं आतडी हायेत."

पियुषनं मान फिरवली. "जिथं टेकते तिथं धरा. ड्रोनपण वरूनच मोजतोय."

तिनं धरली. बत्तीस ठिकाणी धरली. घरी येऊन तिनं तीनदा आंघोळ केली, नखांत राखुंडी घालून घासली, तरी भाकरी तोंडाशी नेली की वास यायचा. तिनं ताट सरकवलं.

महिनाभरानं शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. संस्थेचे मोठे साहेब, हर्षदीप सर, आले. भिंतीवर नाल्याचा नकाशा दाखवला. जिथं जमीन खचली तिथं लाल, जिथं चढली तिथं निळा. बंधाऱ्यामागं सगळा गडद निळा होता.

"दो फीट!" साहेब म्हणाले. "एक बारिश में दो फीट मिट्टी रुकी है."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात चंपतरावानं. "आमच्या नाल्यानं नाव काढलं," असंही म्हणाला.

पंचफुलानं टाळी वाजवली नाही. ती उठली.

"साहेब, त्या निळ्यात माती नाही. कोंबड्याचे पिसं हायेत, लेकराइचे हागलेले डायपर हायेत, सडलेली बकरी हाय. मी दांडी त्याच्यावरच धरली व्हती."

मागं कुणीतरी हसलं. साहेबांनी पियुषकडे पाहिलं. "क्या बोल रही हैं?"

पियुष खाली बघत म्हणाला, "थोडा कचरा है, सर."

"थोडा?" पंचफुला त्याच्याकडे वळली. "थोडा म्हनता? त्या दिवशी नाक काऊन बांदलं व्हतं मंग?"

पियुषचा चेहरा उतरला. साहेबांनी पुढचं चित्र लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पियुष तिच्या दारात उभा होता. "मावशी, पुन्हा मोजू. या वेळी मीही उतरतो."

तिनं घरातली सब्बल, लोखंडी पहार, घेतली. प्रत्येक खुणेवर सब्बल घाणीतून खाली दाबायची. मातीला लागली की हाताला वेगळं कळायचं. तिथवर घाण किती खोल, ते पियुष लिहायचा आणि वरच्या उंचीतून वजा करायचा. तिसऱ्या खुणेला तो ओकला. तोंड धुऊन पुन्हा उतरला. पंचफुलाला त्याची कीव आली नाही, पण तिनं त्याला उभं राहायला जागा दाखवली. दोन दिवस लागले. बहुतेक ठिकाणी गाळ चार बोटंसुद्धा नव्हता. बंधाऱ्याच्या पायथ्याशी तीन खुणांवर तर जमीन पहिल्या वर्षीपेक्षा खाली गेली होती. घाणीखालून पाणी माती उकरून नेत होतं.

अहवाल छापून आला तो पियुषनंच आणून दिला. मुखपृष्ठावर तोच निळा नकाशा. आत आकड्यापुढे लिहिलं होतं, 'गाळ व इतर भराव'.

"इतर म्हंजे?" तिनं विचारलं.

"ते... तेच, मावशी."

"अन् आपन मोजलं ते?"

त्यानं शेवटचं पान उघडलं. मुंगीएवढ्या अक्षरांत बत्तीस ओळी होत्या. पंचफुलानं बोट ठेवून एकेक वाचली. सगळं बरोबर होतं, आणि त्याचीच तिला जास्त शिसारी आली. खरं काय ते यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनच मागच्या पानावर घातलं होतं.

तिनं ते पान फाडून घेतलं. मंडल कचेरीत दरख्वास्त दिली, सोबत ते पान जोडलं. कारकून म्हणाला, "तक्रारी रोज येतात, पण घाण किती खोल हे मोजून कुणी आणलं नव्हतं." आठवड्यानं एक अधिकारी आला. काठावर रुमाल धरून उभा राहिला, पान हातात घेऊन बंधाऱ्याकडे पाहिलं आणि चंपतरावाला नोटीस दिली. टेम्पो बंद झाला.

म्हणजे इथं बंद झाला. पुढच्या महिन्यात तो दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या नाल्याकडे वळलेला लोकांनी पाहिला. पडलेली घाण उचलायला कुणीच आलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला मोजणीसाठी संस्थेचा फोन आला. पंचफुला म्हणाली, "आधी नाला साफ करा. मातीवर दांडी धराले मी कवाबी येईन. त्याच्यावर नाही." त्यांनी दुसऱ्या गावची माणसं आणली.

चौकात चंपतरावानं तिला गाठलं. "झालं ना आता तुह्या मनासारखं?"

तिच्या तोंडात सुपारी होती. ती तिनं त्याच्या पायापासून हातभर लांब थुंकली, पदर सावरला आणि कापूस वेचायला निघून गेली.