बाबलीचा राक्षस मेला की नाही

कोरगावचा बाबली परब हा राक्षस होता. जन्माने नव्हे हो, पेडण्याकडच्या दशावतारात. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर दशावतारी नाटकं उभी राहतात. संहिता-बिंहिता काही नसते. कथा ठरते, नट तोंड रंगवतात, आणि पुढे ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. सगुण तळवणेकराच्या कंपनीत देव आणि राजे सगुण स्वतः करायचा, आणि त्याच्या हातून मरायला बाबली.

बाबलीचा प्रवेश म्हणजे काय, ते ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक. मशालीवर राळ उडायची, भडका व्हायचा, आणि प्रेक्षकांच्या पाठीमागून कुठून तरी आरोळी यायची. आयांच्या मांडीवरची पोरं टुणकन उठून बसायची. दोडामार्गापर्यंत त्या आरोळीचं नाव होतं. घरी मात्र हा माणूस इतका गरीब की सुमंगला, म्हणजे त्याची बायको, कोंबडी कापायला घ्यायची तेव्हा हा उठून रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. जत्रा नसतील त्या दिवसांत सोसायटीच्या दुकानात रेशन द्यायचा, आणि म्हातारी बाई आली की साखर हटकून जास्त पडायची. चेअरमन शिव्या घालायचा, हा हसायचा.

सगुणच्या कंपनीत एक रीत होती, त्याच्या आज्याच्या वेळेपासूनची. राक्षस उठवला की तो त्याच खेळात मेला पाहिजे. मारला की तो जमिनीवर पडतो, हात जोडतो, मनातलं काय ते शेवटचं बोलतो. मग देव म्हणतो, "जा, तुझा उद्धार झाला." हे शब्द कानावर आल्याशिवाय बाबली उठायचा नाही आणि तोंडाचा रंगही धुवायचा नाही. एकदा पालयेच्या जत्रेत सगुणला ऐन वेळी खोकल्याची उबळ आली. बाबली आपला तसाच पडून. अंगावर मुंग्या चढल्या तरी हलला म्हणून नाही.

बाबली-सुमंगलाला मूलबाळ नव्हतं. बहिणीचा मुलगा प्रज्योत हाच लाडका. तो वास्कोला बंदराच्या एका कचेरीत कामाला लागला, आणि तिथे तीन मित्र मिळवून त्याने एक बँड काढला. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. ह्या संगीताला ब्लॅक मेटल म्हणतात, आणि त्यात व्हायोलिनांचा नि गाणाऱ्या घोळक्याचा गजर असला की सिंफनिक म्हणतात, असं प्रज्योतने मामाला समजावून सांगितलं. ड्रम घोडा उधळल्यासारखे, गिटारी करवत चालल्यासारख्या, वर की-बोर्डातून शंभर व्हायोलिनं, आणि ह्या सगळ्यावर एकजण तोंड पांढरं-काळं रंगवून घसा फाडतो. मामाने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे राक्षसाचो प्रवेश," तो म्हणाला. "मग ह्यात नवीन काय आसा?"

झालं, प्रज्योतच्या डोक्यात वीज चमकली. आल्बमच्या शेवटच्या गाण्यात मामाची आरोळी घ्यायची.

वास्कोतला तो स्टुडिओ म्हणजे भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेली एक खोली. बाबली तिथे रंगाचा डबा घेऊनच गेला. आरशासमोर बसून त्याने भुवया काढल्या, गाल तांबडे केले, ओठांखाली सुळे काढले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"मामा, इथे कोण बघतलो? आवाजच घेवचो आसा."

"रंगाशिवाय तो येणा नाय रे," बाबली म्हणाला.

आणि मग जो आला तो आला. रेकॉर्डिंग करणाऱ्या पोराने कानावरचं यंत्र काढून फेकलं. आरोळी झाली, युद्ध झालं, आणि शेवटी बाबली त्या सतरंजीवर पडला, हात जोडून चार शब्द बोलला. प्रज्योतच्याच एका मित्राने हसू दाबत "जा, तुझा उद्धार झाला" म्हटलं. बाबली उठला, तोंड धुतलं, पणजीला बस बदलून घरी आला. त्याच्या दृष्टीने काम चोख झालं होतं.

कॅसेट निघाली तेव्हा प्रज्योत पहिली प्रत घेऊन मामाकडेच आला. सुमंगलाने सगळ्यांना चहा-पाव दिला. सगुण आला, शेजारचे मधुकर मास्तर आले. टेपरेकॉर्डर मेजावर ठेवला. पहिली गाणी सगळ्यांनी दात आवळून ऐकली. शेवटच्यात व्हायोलिनं चढली, ड्रम थांबले, आणि बाबलीची आरोळी आली. मांजर जनेलातून बाहेर पळालं. सुमंगलाने पदर तोंडाला लावला, आणि पदराआड ती हसत होती, हे बाबलीने पाहिलं. आपल्या माणसाचा आवाज असा कायमचा धरून ठेवता येतो हे तिला आजच कळलं होतं. ती अगदी हरखून गेली होती.

पण आरोळीनंतर एकदम गिटारी आल्या, आणि गाणं संपलं. टेप नुसती फिरत राहिली.

"आणि मेलो खंय?" सगुणने विचारलं.

प्रज्योतने खाली बघितलं. "गाणा लांबत होता म्हणान तो भाग काढलो. शेवट थोडो मऊ पडत होतो."

"मारूकच नाय?" सगुण उभाच राहिला. "बाबली, राक्षस उठवन ठेवलंस आणि घराक इलंस?"

गोवा मुक्त झाल्यापासून आमच्याकडे मराठी की कोकणी यावरून एकेका घरात दोन तट. वाद घालायची सवय हाडीमांसी खिळलेली, त्यात ही कॅसेट आली. मग काय विचारता! मधुकर मास्तरांचं मत, हा दशावताराचा अपमान आहे आणि संगीताचा तर खूनच आहे. त्यांच्याच मुलीचं मत, बाबांना ऐकू कमी येतं. सगुणची पार्टी म्हणायची, जिवंत सोडलेला राक्षस घरोघर वाटताहेत. बिचाऱ्या एका बाईची म्हैस आटली तर तिनेही कॅसेटकडे बोट दाखवलं. हरमलच्या किनाऱ्यावर एका शॅकवाल्याने ती लावली, तर एक गोरा जेवण टाकून उठून गेला, आणि दुसऱ्याने सलग तीनदा लावायला लावली.

प्रज्योत सायबर कॅफेत जाऊन लांबलांबच्या लोकांची मतं कागदावर छापून आणायचा आणि मामाला सांगायचा. कुणी लिहिलेलं, व्हायोलिनं लग्नाच्या बँडसारखी आहेत. कुणी लिहिलेलं, असा आल्बम वर्षात झाला नाही. एकजण म्हणे, तो म्हातारा ओरडतो तेवढंच खरं, बाकी पोरखेळ. दुसरा म्हणे, म्हाताऱ्याने सगळ्याची सर्कस केली. बाबली मन लावून ऐकायचा आणि प्रत्येक कागद संपला की एकच विचारायचा.

"तो मरूक नाय, ह्या कोणी लिवलां काय?"

ते कुणीच लिहिलं नव्हतं.

बाबलीचा जीव मात्र त्यातच अडकला. दुकानात साखर देताना हात थांबायचा. सगुणने त्याला कंपनीतून काढलं नव्हतं, पण नव्या जत्रांचं बोलणं निघालं तेव्हा बाबलीच म्हणाला की आधी तो मरू दे, मग मी रंग लावीन. आणि तेवढ्यात त्याचा आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या. पणजीच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं आणि घशात गाठ आहे, कापावी लागेल, असं सांगितलं. तोवर ओरडायचं नाही, बोलायचंसुद्धा हळू. कापल्यावर आवाज किती राहील ते सांगता येत नाही.

सुमंगला बसमध्ये वाटभर रडत आली. बाबली तिचा हात धरून बसला होता, आणि त्याच्या डोक्यात भलतंच चालू होतं. घरी येताच त्याने प्रज्योतला बोलावून घेतलं.

"गळ्यात सुरी घालतले," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मागीर माझो आवाज रवतलो की नाय, देवाक ठावक. त्याका असो जितो सोडून मी गप कसो रवू?"

काढलेला भाग असलेली टेप पुसून त्यावर दुसरं काहीतरी घेतलेलं होतं. मित्रांनी आधी नाक मुरडलं. कॅसेट खपते आहे, लोक वाद घालताहेत, आता शेवट कशाला बदलायचा? प्रज्योत त्यांच्याशी कडाकडा भांडला. कधी नव्हे तो पोरगा इतका चिडला की शेवटी त्या तिघांनी आपलं यंत्रच त्याच्या हवाली केलं. मामाला आता वास्कोला नेणं नको, म्हणून तो यंत्र घेऊन कोरगावला आला.

दुपारची वेळ. ओसरीवर माईक लावला. शेजाऱ्यांना गप्प बसायला सांगितलं होतं, तरी दगडी गडग्यापलीकडे चारपाच डोकी होतीच. बाबली आतल्या आरशासमोर बसला. भुवई वाकडी गेली. सुमंगलाने ओल्या फडक्याने ती पुसून दिली, आणि त्याने परत काढली.

सगुण आला. धोतर, सदरा, हातात तलवारही नाही. "चल रे," म्हणाला, "उरकून टाकू." आवाज मुद्दाम रागीट काढला होता.

बाबली जमिनीवर आडवा झाला. हात जोडले. आरोळी नाही, काही नाही. बारीक, खरखरीत आवाजात तो बोलायला लागला, आणि प्रज्योतला यंत्राचा काटा जेमतेम हलताना दिसला.

"देवा, इतकी वर्सां मी ओरडलंय. पण कोणार रागावन ओरडूक नाय. पोरां भियेली आसतीत तर माका माफ कर. माझ्या मागसून घरात एकटां माणूस आसा. ताका भय घालू नको."

एवढं बोलून तो थांबला. आता सगुणने बोलायचं होतं.

सगुणचे ओठ हलले. इतक्या वर्षांत किती देवळांपुढे त्याने ह्या माणसाला मारलं असेल! पान खात मारलं होतं, जांभई दाबत मारलं होतं. "जा" हा एवढासा शब्द. तो काही केल्या त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. त्याने खांब धरला आणि तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. प्रज्योतने हाताने खुणावलं, पण सगुणने मान हलवली. जमणार नाही.

बाबली डोळे मिटून पडलेला. घामाने गालावरचा तांबडा रंग कानाकडे ओघळत होता. तो उठणार नव्हता, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. रीत म्हणजे रीत.

सुमंगला दारात उभी होती. दशावतारात बाईने बोलायचं नसतं, बायकांची सोंगंही पुरुषच घेतात, हे तिला सांगायला नको होतं. पण सारवलेली जमीन गार होती, माणूस आजारी होता, आणि ज्याने बोलायचं तो भिंतीशी रडत होता. ती पुढे आली, बाबलीच्या उशाशी बसली. तिने तोंड उघडलं, आणि "ज" म्हणेपर्यंत तिचाही शब्द अडला. आमच्याकडे घरातून निघालेल्या माणसाला कुणी "जा" म्हणत नाही. वैऱ्यालाही उंबऱ्यावरून तसं म्हणत नाहीत. ती तर त्याची बायको.

तिने त्याच्या जोडलेल्या हातांवर हात ठेवला.

"जावन येवा," ती म्हणाली.

बाबलीने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. मग कोपरावर जोर देऊन तो उठला, सुमंगलाच्या खांद्याला धरून मागच्या दारी गेला आणि तोंड धुतलं.

गाठ निघाली. बाबली वाचला, आवाज मात्र गेला. कुजबुजण्याइतकाच उरला. आल्बमच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रज्योतने आरोळीमागे ते सगळं जसंच्या तसं ठेवलं, सगुणचं नाक ओढणंसुद्धा. त्यावर पुन्हा वाद. कागद छापून यायचेच. एवढ्या गडगडाटानंतर हे काय रडगाणं, असं अर्ध्यांचं म्हणणं. बाकीचे म्हणायचे, शेवटी ती बाई बोलते तिथे अंगावर काटा येतो, पण ती म्हणते काय ते कुणी सांगेल का? प्रज्योतने इंग्रजीत सांगायची खटपट केली आणि सोडून दिली.

गावात तर वादाला नवं तोंड फुटलं. "जावन येवा" म्हटल्यावर तो मेला कसा? परत यायला सांगितलंन की! मधुकर मास्तरांनी ह्यावर देवळात तासभर भाषण केलं. कंपनीत आता राक्षस करायला दुसरा आला होता, आणि बाबली जत्रेला जायचा तो त्याचं तोंड रंगवून द्यायला. अशाच एका जत्रेत रंगपटात सगुणने विषय काढलाच. बरेच दिवस त्याच्या मनात सलत होतं. माझ्याच्याने झालं नाही, म्हणाला, खरं सांग बाबली, तो मेला की अजून जिता आहे?

बाबली नव्या राक्षसाची भुवई काढत होता. ती पूर्ण करून त्याने काडी खाली ठेवली आणि सगुणच्या कानाशी तोंड नेलं.

"राक्षस मेलो रे," तो कुजबुजला. "'जावन येवा' तिना सांगल्यान ता माका, त्याका नाय."