मोठ्या अक्षरांतले तीन मेल

एसटी स्टँडच्या मागे माझं सायबर कॅफे होतं. पुढे सहा कॉम्प्युटर आणि आतल्या खोलीत माझा स्वतःचा मेल सर्व्हर. त्या दिवसांत रत्नागिरीत असलं काही चालवणारा मी बहुधा एकटाच, आणि त्याची घमेंड पार डोक्यात गेलेली. ज्यांना कॉम्प्युटर येत नव्हता त्यांचे मेल मी छापून, पाकिटात घालून ठेवायचो. नवरा गल्फला असलेल्या बायका शनिवारी बाजाराला आल्या की पाकीट घेऊन जायच्या. तिकडे शुक्रवारची सुट्टी, जुम्म्याची नमाज झाली की माणसं लिहायला बसायची, म्हणून शनिवार.

जयगडच्या बाजूच्या एका गावातून एक बाई यायची. नवरा गल्फमध्ये गोदामात. तो स्वतःच टाइप करायचा, इंग्रजी अक्षरांत मराठी, पाच-सहा ओळी. पाकीट घेतलं की ती दुकानातच बाकावर बसून वाचायची, मग घडी घालून पर्समध्ये ठेवायची.

मग घाण मेलचा पूर आला. औषधं, लॉटऱ्या, नागड्या बायका, कुठल्या तरी मेलेल्या सेनापतीची संपत्ती. आंब्याचा सीझन ऐन भरात, आणि बागायतदारांचे दुबईचे मेल त्या कचऱ्यात सापडेनात. एका मास्तरांनी तर मुलीच्या पाकिटात भलतंच छापलेलं पाहून माझी भर दुकानात खरडपट्टी काढली. मी चिडलो. म्हटलं, आता दाखवतोच!

फिल्टर बसवला. तो प्रत्येक मेलला गुण देतो. विषय लिहिलेला नाही, एवढे गुण. फुकटच्या खात्यावरून आलाय, एवढे. सगळी अक्षरं कॅपिटल, आणखी एवढे. 'अर्जंट', 'ताबडतोब फोन करा', हे तर त्याचे लाडके शब्द. पाच गुण झाले की मेल संशयित धरायचा, असं बनवणाऱ्यांनीच सांगितलेलं. मी शहाणा, मी तीनवर आणलं. वर डिस्कवर जागा नाही म्हणून संशयित मेल बाजूला ठेवण्याऐवजी थेट डिलीट. बागायतदारांचे दोन मेल अडकले तेव्हा ते दुकानात येऊन बोंबलले, मी त्यांच्या दुबईच्या व्यापाऱ्यांचे पत्ते परवानगीच्या यादीत घातले. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. गल्फवाल्या बायका रडल्या नाहीत, त्यांच्या घरच्यांचा एकही पत्ता त्या यादीत नव्हता.

पुढच्या शनिवारी ती आली. "काय वो भाऊ, आलंय काय?"

"नाही भाभी."

त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शनिवारी तिने विचारलं, "नीट बघा ना जरा, कुठे अडकलं असेल." दुकानात गर्दी होती. मी मान वर न करता म्हणालो, "भाभी, आलं असतं तर मी काय खाल्लं असतं?" दोन-चार जण हसले. ती हसली नाही, पिशवी उचलून गेली.

चौथ्या शनिवारी ती आलीच नाही. बाजारात कुणीतरी सांगितलं की नवरा तिकडे वारला. कंपनीच्या मुंबईच्या माणसाने तार केली. आजारपणाची तार करायची पद्धत नसावी, मेल्याची असते. दफनही तिकडेच झालं होतं. मला वाईट वाटलं, पण जसं कुणाचंही ऐकून वाटतं तसंच.

महिन्याभराने बुरोंडीचा एक वयस्क गृहस्थ दुकानात आला. नवऱ्याचा खोलीतला सोबती. रजेवर आलेला, मयताची बॅग तिच्या सासऱ्याकडे पोचवून येत होता. बाई इद्दतीत, म्हणजे विधवेने पाळायच्या चार महिने दहा दिवसांत, परक्या पुरुषासमोर येणार नाही, म्हणून तिला जे विचारता आलं नाही ते मला विचारायला आला.

"तिने फोन का नाही केला? तीन आठवडे तो इस्पितळात होता. गावचा फोन लागत नव्हता, खांब पडलेला. म्हणून मी तीन मेल लिहिले. नंबर दिला. नर्स फोन खाटेपर्यंत आणून द्यायची. शेवटी शेवटी तो, फोन आला का, हे विचारायचा पण बंद झाला."

मेल कसे लिहिले होते, ते मी त्याला विचारलं. हा गृहस्थ पूर्वी जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. टेलेक्सवर, म्हणजे तारेसारखे संदेश पाठवायच्या यंत्रावर, सगळं कॅपिटलमध्येच ठोकायचं आणि विषय-बिषय काही नाही, ही त्याची तीस वर्षांची सवय. मेल तसाच लिहिलेला, फुकटच्या खात्यावरून, आणि सुरुवातच 'अर्जंट' अशी.

मी सर्व्हरचा लॉग, म्हणजे आल्या-गेल्या मेलची नोंद, उघडला. तो मागे उभा राहून बघत होता. मेल फेकले होते, लॉग मात्र जपून ठेवले होते. तीन ओळी सापडल्या. तारीख, त्याचा पत्ता, गुण, डिलीट. तीनही तारखा शुक्रवारच्या. तो म्हणाला, "तिला तुम्हीच सांगा." आणि निघून गेला.

इद्दत संपेपर्यंत मी गेलो नाही. खरं सांगायचं तर भ्यालो, आणि इद्दतीचं निमित्त केलं. संपल्यावरही दोन आठवडे काढले. मग एक दिवस जयगडची गाडी पकडली.

पडवीत सासरे बसले होते, ती दाराआड उभी. मी सगळं सांगितलं, फिल्टर, गुण, सगळं. त्यातलं तिला काय कळलं कोण जाणे. मधेच तिने थांबवलं.

"म्हणजे मी दुकानात विचारत होते, तेव्हा ते आलेलं होतं?"

"हो."

"नंबर होता त्यात?"

"होता."

"तुमच्या शेजारीच एसटीडीचा बूथ आहे ना वो भाऊ?"

सासरे जमिनीकडे बघत होते. आत पोरं भांडत होती, त्यांना तिने गप्प केलं आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली,

"ते तीन आठवडे मी त्याला शिव्या घालत होते. पोरांना सांगितलं, तुमच्या बापाने तिकडे दुसरी केली, आपल्याला विसरला. ती अजून तेच बोलतात."