मुरायला टांगलेली स्टिक

हातात कुठलीही लांब वस्तू आली की तो एक डोळा मिटून ती बघायचा. छत्री, लाटणं, नवा झाडू, काहीही. मग ती फरशीवर घरंगळत सोडायचा आणि निकाल द्यायचा, "वाकडी शे."

तो खानदेशातला; सुरतच्या लिंबायतमध्ये त्याची खोली आमच्या दारासमोर. आम्ही एकाच लूमच्या कारखान्यात होतो. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारे लाकडी धोटे तो दुरुस्त करायचा. बिनधोट्याची यंत्रं आली आणि त्याचं काम गेलं. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. आता दिवस दिवस त्याच्याशी कोणी बोलेना. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, घ्यायचं काही नसताना दुकानात भाव विचारत उभा राहणारा.

गल्लीच्या टोकाला पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ, खेळायचं पार्लर होतं. तिथे तो बघत बसू लागला आणि एक दिवस मला म्हणाला की असल्या स्टिक आपणही करू शकतो. एका जुन्या लेथवर त्याने पहिली स्टिक कातली आणि जन्मभराच्या सवयीने ती तेलात बुडवून ठेवली. धोट्याला तेल पाजावंच लागतं, नाहीतर तो तडकतो. स्टिक दिसायला मोठी देखणी झाली. पण पार्लरमध्ये पहिल्याच फटक्याला पुढची चामड्याची टिप उडाली. तेलकट लाकडावर गोंद धरणार कसा? खेळणारे पोट धरून हसले. तोही हसला, जरा जास्तच. कित्येक दिवसांत त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नव्हतं.

मग गंमत म्हणून काहींनी त्याच्याकडून स्टिक करून घेतल्या, आणि तक्रारी घेऊन लोक त्याच्या दारात येऊ लागले. चहा व्हायचा, चेष्टा व्हायची. थोडं कातायचं, काठी छताला टांगून मुरू द्यायची, पुन्हा थोडं कातायचं, हे तो चुकत चुकत शिकला. हात बसला तशा स्टिक सरळ निघू लागल्या, आणि खोलीतली वर्दळ आटली. चांगली स्टिक घेऊन गेलेला माणूस परत कशाला येईल?

शेवटची ऑर्डर एका रिक्षावाल्याची. वर्ध्याकडचा, इथे एकटाच राहणारा. दर रविवारी येऊन तो विचारायचा, "झाली का काका?" हा छताकडे बघत म्हणायचा, "आखो मुरनी नही," म्हणजे अजून मुरली नाही, आणि चहाचं आधण ठेवायचा.

एकदा मी ती स्टिक काढून फरशीवर सोडली. सुतासारखी सरळ गेली. त्याने घाईघाईने उचलून ती पुन्हा टांगली.

"दिधी ते मंग तो कसाले यी?"

स्टिक दिली तर मग तो कशाला येईल, हे खरंच होतं.

गेल्या थंडीत तो झोपेतच गेला. रविवारी रिक्षावाला आला, तेव्हा मी स्टिक काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती नीट बघितलीही नाही. पार्लर तर दिवाळीआधीच बंद पडलं होतं, तिथे आता साड्यांच्या घड्या घालतात. तरी हा विचारायला येत होता.

"कवाचीच झाली होती भाऊ ते. मले ठाऊक होतं," तो म्हणाला. "आता रविवारी मी कुठं जाऊ?"

मी म्हटलं, आमच्याकडे ये. एकदा आला. चहा झाला. पण एकमेकांना विचारावं असं आम्हा दोघांत काहीच नव्हतं, आणि त्यानंतर तो आला नाही.