गूळपाणी घेतल्याशिवाय

आमच्या बाईंच्या शाळेत कुणीही येवो, गूळपाणी घेतल्याशिवाय त्याला कामाचं बोलायची मुभा नसे. मग ते केंद्रप्रमुख असोत, पोस्टमन असो, नाहीतर रस्ता चुकलेला आंब्याचा दलाल. आणि ते पाणी बाई स्वतः देत नसत. वर्गातलं सगळ्यात बुजरं पोर द्यायचं.

संगमेश्वरच्या आतल्या अंगाला, डोंगरातल्या त्या शाळेत मी गेले ती मुलांचं वाचन तपासायला. आफ्रिकेतल्या दोन देशांतले संशोधक आणि आमची रत्नागिरीची संस्था मिळून शोधत होतो, की गरीब घरातली मुलं शाळेत जाऊनही वाचायला का शिकत नाहीत. नियम कडक होते. शाळेकडून काही घ्यायचं नाही, घड्याळ लावायचं आणि मिनिटात वाचलेले शब्द मोजायचे. मी नवी होते आणि नव्या माणसाची सगळी ऐट माझ्यात होती. तिसरीतली सुरेखा तांब्या घेऊन पुढे आली तेव्हा मी ‘नको’ म्हटलं. मग तिला समोर बसवलं, तर ती मिनिटभर पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत राहिली. मी शून्य लिहिलं.

“काय गो बाय, पाणी परतवलंस, आता ती तोंड उघडेल कशी?” बाई म्हणाल्या. “पाणी देणारं पोर यजमान होतं. मग त्याची भीड जाते. जरा थांब, पुन्हा वाचून घे तिचं.”

पुन्हा घेणं नियमात बसत नव्हतं. मी चपला घालत होते तेव्हा आतून सुरेखा धडा वाचताना ऐकू आली, अगदी घडाघडा. तरी मी मागे वळले नाही. त्याची लाज अजून वाटते.

पुढे बाईंचे फोन येत. पाऊस, फणस, गुडघे असं सगळं झालं की शेवटी ठरलेला प्रश्न, “आमचं ते शून्य पुसलंस काय गो?” नोंदी केव्हाच कायमच्या बंद झाल्या होत्या, ते शून्य आता पुसता येणार नव्हतं, पण हे सांगायचा मला धीर झाला नाही. मी आपली ‘बघते हं बाई’ म्हणत राहिले.

एकदा मात्र सगळ्या देशांच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगून टाकली. पडद्यावरची आफ्रिकेतली सहकारी म्हणाली, “आमच्याकडेही मुलंच पाणी देतात. आम्हीही नकोच म्हणत आलो.” नियम बदलला. आधी मुलाच्या हातचं पाणी घ्यायचं, मग घड्याळ. वाचन तपासणाऱ्यांसाठी तशी मराठी पुस्तिकाही छापून आली. ती बाईंच्या हातात द्यायची म्हणून मी ‘या आठवड्यात जाते, पुढच्या आठवड्यात जाते’ करत राहिले, आणि बाई चार दिवसांच्या तापाने गेल्या.

तेराव्याला त्यांच्या घरी गेले. ओटीवर फोटो होता. सुरेखा आली होती, आता सहावीतली. तिने तांब्या आणि गुळाचा खडा पुढे केला. मी सगळं पाणी प्यायले. पुस्तिका फोटोपुढे ठेवायला काढली, तर तिने ती माझ्या हातून घेतली आणि बाईंकडे तोंड करून पहिलं पान मोठ्याने वाचलं. कुठेही अडली नाही.

“बाई सांगायच्या, तुम्ही माझं शून्य पुसणार आहात,” ती म्हणाली. “पुसलंत?”

जे बाईंना कधी सांगता आलं नाही, ते मला त्यांच्या फोटोसमोर तिला सांगावं लागलं.